सेवेच्या नावाखाली

मी धुतलेली चादर वहिनींनी माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा पाण्यात घातली.

सकाळचे सात वाजले असतील. थोरल्या मायची पाठ धुऊन, जखमांवर पट्ट्या बांधून मी बाहेर आले होते. तिच्याखालची घाण झालेली चादर अंगणातल्या नळावर घासली, डेटॉलच्या पाण्यातून काढली, पिळली आणि दोरीवर टाकली. हात पुसत होते तेवढ्यात त्या घरची सून आली. त्यांना मी वहिनी म्हणते. त्यांनी दोरीवरून चादर ओढली, बादलीत नवं पाणी घेतलं, चादर त्यात बुडवली आणि वर काढली. एकदाच. साबण नाही, घासणं नाही. नुसती बुडवली आणि परत वाळत टाकली.

 मी बघतेय हे वहिनींना कळलं.

"मनात काई घेऊ नका मावशी," त्या म्हणाल्या. "आबांना चालत न्हाई. जुनं माणूस."

आबा म्हणजे त्यांचे सासरे, थोरल्या मायचे मालक. ओसरीवर पलंगावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

म्हणजे बघा. माझ्या हातानं घाण काढलेली चालते, पण त्या हाताचं बोट चादरीला लागलेलं चालत नाही. मायच्या अंगाला तर मी रोज हात लावते, मग मायला का नाही बुडवत बादलीत? हे मी मनात म्हणाले. मनात म्हणायला काय जातंय.

तोंडानं म्हणाले, "न्हाई हो वहिनी. मी कशाला मनात घेऊ?"

हे वाक्य मी त्या घरात चार महिने बोलले. आणि चार महिने स्वतःला सांगत राहिले, की ही नम्रता आहे. प्रभूनं शिकवलेली. आज सांगते, ती नम्रता नव्हती. भीती होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काही नाही.

मी कोण ते सांगते. आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या पुढं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर म्हणतील बदनामी केली, नाही लिहिलं तर म्हणतील खोटं आहे. काय म्हणायचं ते म्हणा. आमच्या आज्यानं प्रभूचा स्वीकार केला, तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. पण शाळेच्या दाखल्यावर हिंदू मांग. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, रजिस्टरात ख्रिस्ती. आणि गावाच्या तोंडात मांगीण ती मांगीणच, फार तर 'मिशनवाली मांगीण'. तीन ठिकाणी तीन माणसं. मी यातली कोणती, हे मला बरीच वर्षं कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं.

लग्नानंतर मी नवीन जालन्यात होते. स्टेशनच्या बाजूला एक लहानसा दवाखाना होता, तिथं अकरा वर्षं आया म्हणून काम केलं. नर्सला सगळे सिस्टर म्हणायचे, मला मावशी. पंचवीस वर्षांची होते तेव्हापासून मी सगळ्या जगाची मावशी. तिथं एक म्हातारी नर्स होती, आमच्यातलीच, ख्रिस्ती. फार कडक. कुणी पेशंट नीट सांभाळला म्हणून सांगायला गेलं, की ती आधी त्याला कुशीवर वळवून पाठ बघायची. मला म्हणायची, "औषध डॉक्टर देतो. पाठ आपल्याला सांभाळायची असते." दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, लाल झालेली कातडी कशी ओळखायची, फुटलेली जखम कशी धुवायची, सगळं तिनं शिकवलं. काम करताना ती गाणी पुटपुटायची, देवळातली. तिचं बघून मलाही सवय लागली. हाताला काम असलं की तोंडाला गाणं येतं, मला कळतही नाही.

माझे मालक वारले, मग सासूसाठी गावात आले. पुढं सासू गेली, मी राहिले. कापूस वेचायला जाते, निंदायला जाते. आणि हळूहळू गावाला कळलं, की हिला अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळता येतं. मग बोलावणी यायला लागली. ज्या घरांत दिवाळीला मला कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, त्या घरांच्या आतल्या खोल्या मी पाहिल्या. कुणी पायलीभर ज्वारी दिली, कुणी नुसतं 'देव तुझं भलं करो' म्हणून पाठवलं. गरज सरो वैद्य मरो. मी जातच राहिले. का? आवडत होतं म्हणून. खरं सांगते. वास मारणारं, कण्हणारं माणूस धुऊन-पुसून कोरडं केलं, की ते एक उसासा टाकतं. तो उसासा ऐकला की मला वाटायचं, मी कुणीतरी आहे.

पण हे मला देवळात कधी वाटलं नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे देवळात जमणाऱ्या माणसांत, बोलायची एक पद्धत आहे. कुणी पाळक, म्हणजे देवळातला धर्मगुरू, झालं, गावोगाव माइक घेऊन संदेश द्यायला लागलं, की म्हणतात, "भाऊ सेवेत आहेत." कोयर, देवळातला गाण्याचा गट, चालवणारी सेवेत. पाळकबाई महिलांची सभा घेतात, त्या सेवेत. मी माणसांचं हागणं-मुतणं काढते. मला विचारायचे, "सध्या कुठं कामाला आहेस?"

मी सांगायचे, "कापसाला जाते."

थोरल्या मायला लकवा झाला आणि तिचा मुलगा, वहिनींचा नवरा, स्वतः आमच्या वस्तीत आला. गाव त्याला भाऊसाहेब म्हणतं. मोसंबीची बाग, बी-बियाणांचं दुकान, पंचायतीत शब्द. गाडी रस्त्यावरच उभी केली, खाली उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, "मावशी, आमच्या मायला पाह्यला येता का? माय लई हाल करून घेऊन राह्यली." भाऊसाहेबांच्या तोंडून मावशी. अहो-जाहो. मी चपला घातल्या आणि निघाले.

मायची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. दवाखान्यातून आणली तेव्हा कमरेखाली तळहाताएवढी जखम. मी रोज दोनदा जायचे, कामाच्या आधी आणि कामानंतर. मागच्या दारानं. माझा पाण्याचा गिलास मागच्या पडवीत खुंटीला. चार महिन्यांत ती जखम रुपयाएवढी झाली. माय मला ओळखायला लागली. मी आले की डावा हात हलवायची. गाणं थांबलं तर डोळे उघडून बघायची, म्हणजे मी पुन्हा सुरू करायचं.

एक दिवस तिच्या तोंडून शब्द आला. अर्ध्या तोंडातून, लाळेबरोबर. "पर्भ... पर्भ..."

माझ्या अंगावर काटा आला. मला ऐकू आलं, प्रभू.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "पर्भ..." मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "हो माय, प्रभू हाय." ती माझ्याकडे बघत राहिली. त्या डोळ्यांत काय होतं, ते मी नीट पाहिलं नाही. मला जे पाहिजे होतं तेच दिसलं.

त्या रविवारी देवळात साक्षीची वेळ आली. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. कुणी नोकरी लागल्याचं सांगतं, कुणी ताप उतरल्याचं. मी कधी उठत नसे. त्या दिवशी उठले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, ज्या घरात मला पाण्याचा गिलास वेगळा आहे, त्या घरची थोरली माय आता प्रभूचं नाव घेते. लकव्यानं तिचे सगळे शब्द नेले, हा एकच ठेवला.

देऊळ हालेलुयानं भरून गेलं. बायका रडल्या. पाळकसाहेब पुढं आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "पाहा, ही आपली भगिनी किती मोठ्या सेवेत आहे."

सेवेत आहे. बेचाळीस वर्षांची झाले तेव्हा तो शब्द माझ्या वाट्याला आला. मला हुंदका आवरेना. घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते.

सोमवारी मायची पाठ धूत होते. ती म्हणाली, "पर्भ..." मी म्हणाले, "हो माय, प्रभू." तर तिनं डाव्या हातानं गादीवर चापट मारली. पुन्हा म्हणाली, पुन्हा चापट. डोळ्यांतून पाणी. तिला राग आला होता. माझा.

ओसरीवरून आबांचा आवाज आला. मधे एक भिंत आणि अर्धं दार. आबा म्हणाले, "परभणीला जायचं म्हणती ती. म्हायेर हाय तिचं. लग्न झाल्यापून तेच हाय. भांडण झालं की गाठोडं बांधून म्हणायची, मी चालले परभणीला. गेली कवाच न्हाई." आणि हसले.

माझे हात तसेच राहिले.

परभणी. पासष्ट वर्षं ज्या बाईनं माहेरी जाते, माहेरी जाते म्हणून जीव काढला, तिच्या तोंडात उरलेला तो शेवटचा शब्द. आणि तो मी उचलला आणि देवळात नेऊन हालेलुया मिळवला.

मी मायच्या तोंडाशी वाकले. "परभणी का माय?" तिनं डोळे मिटले. कण्हणं थांबलं. मग तिनं माझी बोटं धरली.

त्याच दिवशी मी पाळकसाहेबांकडे जाऊन सांगायला पाहिजे होतं. गेले नाही. म्हटलं, रविवारी सांगू. मग म्हटलं, सांगायलाच पाहिजे का? सगळे एवढे रडले. दोन दिवस झाले होते मला सेवेत जाऊन. एवढ्यात बाहेर कुठं निघू? हे मी माझ्या तोंडानं सांगते आहे, कारण दुसऱ्यांचं सगळं सांगायचं आणि आपलं झाकायचं, तर मग ही साक्षही तसलीच झाली.

पाळकबाईंनी माझी साक्ष मोबाइलवर घेतली होती. मंडळीच्या ग्रुपवर टाकली, तिथून ती दुसऱ्या गावांच्या मंडळ्यांत गेली, आणि गुरुवारपर्यंत आमच्या गावच्या पोरांच्या मोबाइलमध्ये आली. गुरुवारी संध्याकाळी मी मागच्या दाराशी गेले तर कडी लावलेली. आतून वहिनी म्हणाल्या, "आज नका येऊ मावशी. जा तुम्ही." आणि त्यांच्याही मागून मायचं कण्हणं.

शुक्रवारी मला पंचायतीच्या हॉलमध्ये बोलावलं. तीस-चाळीस माणसं, सगळी पुरुष. खुर्च्या रिकाम्या होत्या. मला कुणी बस म्हणालं नाही. पाळकसाहेबांनाही बोलावलं होतं, त्यांना खुर्ची दिली. आबाही होते, भिंतीला टेकून, हातात काठी. भाऊसाहेबांनी एक टाइप केलेला कागद काढला आणि दुकानातल्या माणसाला वाचायला लावला.

"मी खाली सही करणार लिहून देते की, मी सेवेच्या नावाखाली आजारी व वृद्ध व्यक्तींच्या असहायतेचा गैरफायदा घेऊन धर्मप्रचार करीत होते. त्याबद्दल मी समस्त गावकऱ्यांची माफी मागते व यापुढे असे कृत्य करणार नाही."

मी ऐकत होते. सेवेच्या नावाखाली. त्या शब्दाशी माझं मन अडलं ते पुढं गेलंच नाही. चार महिने जी जखम मी तळहाताएवढीची रुपयाएवढी केली, ती नावाखाली? तो पू, ते किडे, ते सगळं नावाखाली?

"सही कर," भाऊसाहेब म्हणाले. आता अहो-जाहो नव्हतं. "सही कर आन उद्यापून कामाला ये. माय तुझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई. आमचं काई तुझ्यासंग वैर न्हाई."

म्हणजे त्यांना मी पाहिजे होते. हात पाहिजे होते. फक्त मी चोर आहे असं लिहून दिलेलं पाहिजे होतं.

मी म्हणाले, "भाऊ, माय प्रभू म्हणत न्हाई, परभणी म्हणते. म्या चुकीचं ऐकलं आन चुकीचं सांगितलं. त्याची माफी तुमच्यापुढं दहादा मागते. पण म्या कुणाला बाटवायला गेल्ते न्हाई. आबांना विचारा. आबांनीच सांगितलं मला."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझा सगळा जीव त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे लागला होता. एक वाक्य पाहिजे होतं. आबांनी काठीच्या टोकानं फरशीवर रेघ ओढल्यासारखं केलं.

"मला कुठं ऐकू येतंय नीट," आबा म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "प्रभूची परभणी झाली बघा, लई जल्दी झाली!" हॉल हसला. पाळकसाहेब खाली बघत होते.

मी पेन हातात घेतलं नाही. भाऊसाहेबांनी कागद माझ्याच हातात दिला. "रविवारपर्यंत विचार कर," म्हणाले.

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "सही करून टाक बाई. आपण मूठभर माणसं. देवळाच्या पत्र्यावर दगड पडायला वेळ लागत नाही. नम्र हो."

मी म्हणाले, "बरं. मग रविवारी देवळात पण सांगते, की ते परभणी होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ते कशाला? ती साक्ष कुठल्या कुठं गेली आहे. लोकांचा विश्वास वाढला आहे. मंडळीला अडखळण होईल, विश्वास डळमळेल."

 गावात सांगायचं, की माझी सेवा खोटी होती. देवळात सांगायचं, की माझं खोटं खरं होतं. दोन्हीकडून माझ्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं. आपलेच दात आपलेच ओठ, बोलायचं कुणाला. मी पाळकसाहेबांना दारापर्यंत सोडायला गेले, कारण तशी रीत आहे.

शनिवारी भरदुपारी वहिनी हापशावर आल्या. त्यांच्या घरी दोन नळ, त्या आमच्या हापशावर कशाला येतील? रिकामी घागर घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाठीला वास येऊन राह्यला मावशी. माझ्याच्यानं बघवत न्हाई. सही करून टाका ना. कागदाला काय होतंय?"

मी हापसा मारता मारता त्यांना सांगितलं. पाणी उकळून कोमट करायचं. मीठ एवढं. आधी कडा धुवायच्या, मग आतलं. मायला आपल्याकडं ओढायचं नाही, चादरीसकट वळवायचं. गुडघ्यांत उशी द्यायची. दर दोन तासांनी. घड्याळ लावून. वहिनी मान हलवत होत्या. त्यांनी ते केलं की नाही, मला माहीत नाही. एकदा केलं असेल. त्यांना ओकारी यायची, हे मी आधी पाहिलं होतं.

मी घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. सही केली तर अर्ध्या तासात मी मायजवळ असते. चार दिवसांत वास जातो, महिन्यात जखम भरते. एका सहीनं. आणि नाही केली तर मी इथं स्वच्छ, आणि माय तिथं सडते. माझं स्वच्छ राहणं कुणाच्या जिवावर? मी प्रार्थना केली. मोठ्यानं केली, रडून केली. उत्तर आलं नाही. साक्षीत लोक सांगतात की उत्तर आलं. मला आलं नाही, मी आलं म्हणणार नाही.

रविवारी सकाळी देवळाच्या आधी मी भाऊसाहेबांच्या दुकानात गेले. त्यांचा कागद काउंटरवर ठेवला. त्यांचंच पेन घेतलं आणि ओळी खोडल्या. 'च्या नावाखाली' खोडलं. 'असहायतेचा गैरफायदा' खोडलं. 'धर्मप्रचार' खोडलं. खाली लिहिलं, मी थोरल्या मायचा शब्द चुकीचा ऐकून चुकीचा सांगितला, त्याबद्दल मायची माफी मागते. मी ख्रिस्ती आहे. मी मायची सेवा करत होते. त्याखाली सही केली.

भाऊसाहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं असावं, इतका वेळ लागला. मग कागदाचे चार तुकडे केले.

"मंग आमच्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

"मायला एकदा पाहू द्या, भाऊ."

"न्हाई."

तिथून मी देवळात गेले. साक्षीच्या वेळेला उठले. पाळकसाहेबांना कळलं, त्यांनी कोयरला खूण केली, पेटी सुरू झाली. मी पेटीवरून ओरडून सांगितलं. थोरली माय परभणी म्हणत होती. तिचं माहेर. मी तुम्हाला खोटं सांगितलं. पहिल्यांदा न कळता, आणि कळल्यावर गप्प बसून.

कुणी हालेलुया म्हटलं नाही. पाळकबाई म्हणाल्या, "बसा भगिनी, तुमच्या मनावर ताण आहे." शेजारची बाई थोडी सरकून बसली.

माय त्यानंतर सतराव्या दिवशी गेली. कापूस वेचत होते तेव्हा शेतात बातमी आली. मी तशीच रस्त्याला येऊन उभी राहिले. तिरडी पुढून गेली. नवं हिरवं लुगडं, हळद-कुंकू, तोंड झाकलेलं. माणसं म्हणत होती, सवाशीण गेली, सोनं झालं. मी तिच्या पाठीचा विचार करत होते. त्या पाठीला शेवटी कुणी हात लावला असेल? मला रडू आलं नाही. माझा दोष किती आणि त्यांचा किती, याचा विचार करत मी उभी होते आणि अजून मला तो विचार पुरा करता आलेला नाही. मी सही केली असती तर ती जगली असती. हे मला कुणी सांगायला नको.

त्यानंतर देवळात मला कुणी सेवेत आहे म्हटलं नाही. दोन-तीन घरांची बोलावणी बंद झाली, एक-दोन चालू राहिली. गरिबाघरची. परवा पाळकबाईंनी विचारलं, "सध्या कुठं कामाला?" मी म्हणाले, "मी सेवेत आहे." त्यांना ऐकू गेलं.

उन्हाळा लागता लागता आबा मोरीत पाय घसरून पडले. खुबा मोडला. जालन्याला ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण उठता येईना. गेल्या आठवड्यात वहिनी आमच्या घरी आल्या. दिवसाढवळ्या, घागर न घेता. मी बसा म्हणाले. थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग ओट्याच्या कडेला टेकल्या.

"आबांची पाठ लाल झाली मावशी."

"कुठं? माकडहाडावर?"

"हाव."

"फुटली का?"

"अजून न्हाई."

"मंग टाइम हाय. दर दोन तासाला कूस बदला. तुम्हाला सांगितलं व्हतं."

"माझ्या एकटीच्यानं हालत न्हाईत. हे म्हणतेत, मावशीला बोलीव. कागद-बिगद काई नको. फक्त मागच्या दारानं या, आन काम करताना ते तोंडातल्या तोंडात पुटपुटता ना, तेवढं नका करू."

माझे पाय निघाले होते. खरं सांगते, अर्धं मन पिशवी भरायला लागलं होतं. लाल झालेली पाठ म्हटलं, की माझ्या हातांना राहवत नाही.

मी म्हणाले, "येते. पण आधी आबांनी एक करायचं. पंचायतीत त्या दिवशी जे बसले व्हते, त्यांना घरी बोलवायचं. आन आबांनी त्यांच्यापुढं सांगायचं, माय परभणी म्हणत व्हती, मला ऐकू येत व्हतं. एवढंच. म्या माझ्या लोकांपुढं उभं राहून सांगितलं. त्यांनी त्यांच्या लोकांपुढं पडल्या पडल्या सांगावं. मंग मी येते, पुढच्या दारानं येते. आन पुटपुटणं माझं हाय, ते चालूच राहील."

वहिनी उठायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, तुमच्यात तं माफ करा म्हणतेत ना?"

"म्हणतेत. म्या आबांना माफ केलंय. माफ केलं म्हणून खोट्याला खरं म्हणायचं न्हाई."

"आन ते न्हाई म्हणले तं?"

"तं मी येणार न्हाई."

वहिनी गेल्या. आज आठवा दिवस आहे. आठ दिवसांत पाठीचं काय होतं ते मला माहीत आहे. आधी लाल, मग निळी, मग काळी, मग फुटते. मी रोज सकाळी आबांचं नाव घेऊन प्रार्थना करते, मोठ्यानं, शेजारी ऐकतात. पिशवी भरून ठेवली आहे. डेटॉल, कापूस, पट्ट्या. आबा बोलले की मी पाच मिनिटांत तिथं पोचेन आणि त्यांची पाठ माझ्या बापाची पाठ समजून धुवीन.

ते बोलेपर्यंत मी या ओट्यावरून उठणार नाही.